तीन आतलिएंचा निकाल

इंद्रदेव मॉरिशसमध्ये बसवर कोंत्रोलेर होता, म्हणजे प्रवाशांची तिकिटं तपासायचा. सगळं जग विनातिकीट फिरतंय अशी त्याची लहानपणापासूनच खात्री होती. नोकरी त्याला नंतर मिळाली. गुडलँड्सहून सुटलेल्या बसमध्ये एखादी म्हातारी खिडकीबाहेर ऊस बघत बसली, तर इंद्रदेवला वाटायचं की ही ऊस बघत नाही, नजर चुकवतेय. घरी आमटीत मीठ कमी पडलं की तो ‘मीठ घाल’ म्हणत नसे, ‘मीठ गेलं कुठं?’ असं विचारायचा. बायको विमला ब्रीझे वेर्दिएर गावची, तीही काही कमी नव्हती. नवरा उशिरा आला की ती आधी त्याचा शर्ट हुंगायची आणि मग पाणी द्यायची. एकमेकांवर असा मनापासून संशय घेत दोघांनी संसार सुखाचा केला होता.

पण संशय घेणाऱ्यावर कोणी संशय घेतला तर त्याला कुठे लागतं, हे इंद्रदेवला ठाऊक नव्हतं. ते त्याला गणपतीत कळलं.

गुडलँड्सच्या मराठी सभेत गणपतीला झाकडी नाचाची चढाओढ असते. गावोगावचे संघ येतात, गोल धरतात, ढोलकी घुमते, पाय पडतात, आणि परीक्षक गाणं, ढोलकी, पाय व पोशाख अशा चार बाबींवर गुण देतो. परीक्षकाची खुर्ची कित्येक वर्षं इंद्रदेवची होती. साधी लाकडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड. पण बसमध्ये त्याला बघून तोंड फिरवणारे लोक त्या खुर्चीत तो बसला की स्वतःहून चहा आणून द्यायचे. दिवसभर लोकांची नाराज नजर झेलणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा मिळणारा तो चहा फार गोड लागायचा.

शहाऐंशीच्या गणपतीत त्याने ब्रीझे वेर्दिएरला पहिला नंबर दिला. त्याच आठवड्यात तिथल्या बसमधून त्याच्या सासऱ्यांनी, दरवर्षी पाठवतात तसा, भोपळा पाठवला. भोपळा दांडगा होता आणि ड्रायव्हरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा, ऐसपैस बसला होता. ज्याचा संघ दुसरा आला तो रिव्हिएर दू रांपारचा तुलसीराम नेमका त्याच बसमध्ये होता. भाजी पिकवणारा माणूस. भोपळा बघूनच तो कुठल्या मळ्यातला हे ओळखणारा. बस गुडलँड्सच्या बाजाराला लागेपर्यंत एका भोपळ्याचे तीन झाले होते, आणि बातमी देवळापाशी पोचली तेव्हा त्यांच्याबरोबर एक बकराही होता.

“आयो, जिरोमों खाऊन नंबर दिला!” असं बाजारातले लोक त्याच्या पाठीमागे म्हणायला लागले. जिरोमों म्हणजे तोच भोपळा. बसमध्येही तिकीट मागितलं की कोणीतरी हळूच विचारायचं, “तिकीट नाय, जिरोमों चालंल काय?”

पुढल्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, गणपती जवळ आले तेव्हा सभेचे अध्यक्ष बाबूराव त्याच्या घरी आले. बाबूराव निवृत्त हेडमास्तर, मराठीचा वर्ग चालवणारे, आणि सभेत पुस्तकी मराठी बोलणारे ते एकटेच. 

“इंद्रदेव, यंदा आपण जरा विश्रांती घ्यावी,” ते म्हणाले.

इंद्रदेवने चहाचा कप खाली ठेवला. “मास्तर, म्या जन्मात कुनाचं कायबी खाल्लं नाय. मला असं कायतरी द्या जिथं माझं कोन नातं नाय, गोतं नाय. त्याचा नंबर लावून दावतो. मग बोला.”

मॉरिशसमध्ये मराठी माणसाचं जिथे नातं नाही असं गाव शोधणं सोपं नव्हतं. बाबूरावांनी कास्काव्हेलचं नाव घेतलं, तिथे विमलाची मावशी निघाली. शेवटी तोडगा सुचवला हरिलालने. हरिलालचं गुडलँड्सच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो सभेचा खजिनदार होता, त्यामुळे त्याच्यावर तर सगळ्यांचाच संशय होता. 

“माज्या भावानं पॅरिसहून डबा धाडलाय,” तो म्हणाला. “जपानी. तेवीला लावायचा, हातात दांडा धरायचा, की पडद्यावरचा मानूस उड्या मारतो. डबा बनवनाऱ्या कंपनीचे सोताचे, घरचे, तीन आतलिए हायत. खेळ तेच बनवतात, भायेरचं कोन नाय. आनि तिघांत चढाओढ. पुस्तकात लिवलंय.”

आतलिए म्हणजे कारखाना एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. गुडलँड्समध्ये गाड्यांचे आतलिए होते, टेबल-खुर्च्यांचे होते. उड्या मारणाऱ्या माणसांचा आतलिए नवीन होता.

“जपानात आपले कोणी सोयरे?” बाबूरावांनी विचारलं.

“कोन नाय.”

“भोपळा?”

“जपानाहून बस येत नाय, मास्तर.”

ठरलं. तिन्ही आतलिएंचा नंबर इंद्रदेवने लावायचा, निकाल रविवारी मराठीच्या वर्गानंतर सभेत द्यायचा, आणि सभेत एकही बोट वर झालं नाही तर खुर्ची त्याची. एक जरी बोट वर झालं, तर नाही.

इथवर सगळं सरळ होतं. पण सभेची घटना बाबूरावांनी स्वतः लिहिली होती, आणि तिच्यात एक कलम असं होतं की ज्या संघाचा प्रतिनिधी हजर नाही त्याला नंबर देता येणार नाही. बैठक बसली. जपानला पत्र लिहावं अशी सूचना आली. पत्र कुठल्या भाषेत लिहावं यावर इतका वाद झाला की चहा दोनदा उकळावा लागला. अखेर असं ठरलं की जपानी येईपर्यंत थांबण्यापेक्षा त्यांच्या वतीने आपल्यातल्याच तीन गावांनी प्रतिनिधी व्हावं. चिठ्ठ्या बाबूरावांच्या टोपीत टाकल्या. टोपी इंद्रदेवने आधी उलटी करून, अस्तर चाचपून पाहिली.

आतलिए एक गुडलँड्सला गेला, म्हणजे हरिलालला. आतलिए दोन रिव्हिएर दू रांपारला, तुलसीरामला. आतलिए तीन आला ब्रीझे वेर्दिएरला.

“परत काढा,” इंद्रदेव म्हणाला.

“का बरं?” तुलसीराम म्हणाला. “आता जपान्यांचीबी भीती वाटाय लागली?”

दुसऱ्या दिवशी ब्रीझे वेर्दिएरहून विमलाचा भाऊ देवराज प्रतिनिधी म्हणून हजर झाला. ढोलकी वाजवणारा, तोंडाने हसतमुख आणि डोक्याने साधा. आल्या आल्या भर बाजारात त्याने हाक मारली, “दाजी, आपल्या आतलिएवर जरा नजर ठेवा हां!”

तो ‘आपल्या’ शब्द इंद्रदेवने ऐकला, आणि बाजारानेही ऐकला. त्याने देवराजला बाजूला ओढलं. “रविवारपातूर तुमच्या घरनं कोतोमिलीची काडीसुदिक येता नये. आनि मला दाजी म्हनू नको.”

“मग काय म्हनू?”

“मेस्ये कोंत्रोलेर म्हन.”

परीक्षा हरिलालच्या दुकानात रोज संध्याकाळी सुरू झाली. इंद्रदेवने सभेतली आपली खुर्ची डोक्यावर घेऊन बाजारातून दुकानात आणली, कारण निकाल अधिकृत व्हायचा तर खुर्चीही अधिकृत हवी. त्याने पहिल्यांदा स्वतः दांडा हातात धरला. पडद्यावरचा माणूस दोन पावलं चालला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. जमलेली मंडळी हसली. इंद्रदेवने दांडा खाली ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं की परीक्षक कधी गोलात उतरून नाचत नसतो.

मग गुणांचा प्रश्न आला. इंद्रदेवला गुण द्यायची एकच रीत माहीत होती, झाकडीची. गाणं, ढोलकी, पाय, पोशाख. आतलिए एकचा मुख्य खेळ मोटारींच्या शर्यतीचा होता. रंग असे झगझगीत की पोशाखाला त्याने भरभरून गुण दिले. गाणं मात्र डासासारखं. आणि पायांच्या रकान्यात शून्य.

“मोटारीला पाय कुठनं येनार?” हरिलाल भडकला. “चाकं धर की!”

“चाकं फिरतात. पडत नायत. झाकडीत पाय पडावा लागतो.”

या मुद्द्यावर बाजारातले दोन शिंपी आणि एक मासेवाला यांचं मत घेण्यात आलं. शिंप्यांनी चाक धरावं म्हटलं, मासेवाल्याने विचारलं की जिरोमों कोणाकडून आलाय. शेवटी चाकाला अर्धे गुण मिळाले.

आतलिए दोनच्या खेळात एक जाडा माणूस जमिनीत बोगदे खणून गाजरं आणि मुळे गोळा करायचा. तुलसीरामने ते बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. हा खेळ बनवणारा माणूस शेतकऱ्याचाच पोर असणार असं तो सगळ्यांना सांगत सुटला. गाणं गोड होतं, ढोलकी ठीक होती, पण माणूस एका सुराला चालायचा आणि सूर दुसरीकडेच जायचा. पोशाख मातकट.

आतलिए तीनचा खेळ सुरू व्हायला आला तेव्हा इंद्रदेवच्या लक्षात एक गोष्ट आली. खेळवत होता हरिलाल, आणि त्याच्या हातात आतलिए एकची मोटार दोन-दोन डोंगर ओलांडत होती. पण तुलसीरामचा जाडा पहिल्या मुळ्यापाशीच मेला होता. कोंत्रोलेरची नजर ती. त्याने हरिलालच्या हातातून दांडा काढून घेतला. मग तुलसीरामने खेळवलं; मोटार पहिल्याच वळणाला झाडावर. देवराजने खेळवलं, सगळेच मेले, अगदी समान न्यायाने.

विमला तिथे आली ती वेगळ्याच संशयाने. नवरा चार संध्याकाळी जेवायला नको म्हणत होता आणि शर्टाला हरिलालच्या बायकोच्या गातो पिमांचा, त्या डाळीच्या तिखट भज्यांचा, वास येत होता. ती दुकानात शिरली, भज्यांची थाळी बघितली, हरिलालची बायको बघितली, आणि दोन्हींमध्ये काही विशेष नाही अशी खात्री करून घेऊन एका स्टुलावर बसली. देवराजच्या हातातला पडद्यावरचा माणूस सारखा खड्ड्यात पडत होता. बराच वेळ तिने सहन केलं.

“दे हिकडं. काय बाबा, खड्डा दिसतोय तरी पडतोस!”

ती एकदा पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा तिने पदर खोचला. त्यानंतर ती पडलीच नाही. आजवर कोणी न पाहिलेले डोंगर, गुहा आणि ढग त्या संध्याकाळी हरिलालच्या दुकानात दिसले, आणि रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली.

“थांबा!” तुलसीराम ओरडला. “ही ब्रीझे वेर्दिएरची लेक. ही आमच्या जाड्याला मुद्दाम मारनार!”

प्रश्न बाबूरावांपुढे गेला. खेळ पुढे नेऊ शकणारी दुसरी व्यक्ती अख्ख्या गुडलँड्समध्ये नव्हती. खेळ चालू होताना पडद्यावर आतलिएचा आकडा यायचा, म्हणून निर्णय असा झाला की आकडा जाईपर्यंत टीव्हीवर टॉवेल टाकायचा आणि कुठला खेळ कोणाचा हे विमलाने जाणून घ्यायचं नाही. टॉवेल हरिलालचा होता, म्हणून तो पातळ नाही ना हे तुलसीरामने दिव्यासमोर धरून पाहिलं.

टॉवेल पडायचा, उठायचा, विमला खेळायची. आणि आतलिए तीनचा खेळ आला की इंद्रदेव अस्वस्थ व्हायचा. त्या खेळात एक छोटं माकड ढगांवरून उड्या मारत जायचं. बाकी काही नाही. पण माकडाची उडी आणि गाण्याचा ठेका एकत्र पडायचे. ते घसरलं की गाणं घसरायचं, पडलं की ढोलकीवर थाप बसायची, आणि पडलेलं बघूनही हसू यायचं, त्याला पुन्हा उठवावंसं वाटायचं. त्या आतलिएचा दुसरा खेळ माशांचा होता. त्यांनाही पाय नव्हते, पण त्यांच्या शेपट्या ठेका धरून पडायच्या. गाणं आणि पाय एकाच माणसाच्या अंगातून आल्यासारखे. चांगल्या झाकडीत असतं ते हेच, आणि इंद्रदेवला ते आवडत होतं. अगदी मनापासून आवडत होतं. आणि तेच त्याचं दुर्दैव होतं.

तेवढ्यात तुलसीरामने नवी तक्रार केली. “हा खुर्ची ठोकतो! ठक-ठक, ठक-ठक! बायकोला खूण करतो!”

सगळ्यांनी कान दिला. खरंच ठकठक होत होती. इंद्रदेवने दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवले आणि खुर्चीचा एक पाय आखूड आहे, यात खुणेचा काय संबंध, असं तावातावाने विचारलं. बाबूरावांनी तक्रार नोंदवून घेतली. ठकठक थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली, पण तेव्हा माकड शेवटच्या ढगावर होतं आणि तुलसीरामसुद्धा तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता.

शनिवारी इंद्रदेवने गुणांची बेरीज केली. आतलिए तीन पहिला. त्याने पुन्हा केली. मग तो उठून अंगणात आला आणि उगाच पपईच्या झाडाकडे बघत राहिला. पहिल्या नंबरवर आतलिए तीन म्हणजे ब्रीझे वेर्दिएर. म्हणजे बोट. एक नव्हे, शंभर बोटं. आणि खुर्ची गेली ती कायमची. त्याबरोबर तो चहाही. आता त्याला स्वतःचाच संशय यायला लागला. आपल्याला माकड खरंच आवडलं, की सासुरवाडीचं म्हणून आवडलं? कोंत्रोलेरने कठोर असावं. त्याने पोशाखाचे गुण थोडे कापले. मग ढोलकीचे. मग डोळे मिटून पायांचे कापले, आणि ते कापताना त्याला एखाद्या म्हातारीला भर उन्हात बसमधून उतरवल्यासारखं वाटलं.

विमला दारात उभी होती. “झाला का निकाल?”

“झाला.”

“कोन?”

“उद्या कळंल,” तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता आत गेला. विमलाने त्या न बघण्याकडे नीट बघून घेतलं.

रविवारी सभा गच्च भरली. वर्गाची पोरं खिडकीत, बायका डावीकडे, पुढे तीन गावांचे तीन प्रतिनिधी जपान्यांच्या वतीने नवे सदरे घालून बसलेले. इंद्रदेव खुर्चीशेजारी उभा राहिला.

“पैला नंबर, आतलिए दोन.”

तुलसीराम उडाला. आनंदाच्या आधी त्याच्या तोंडावर संशय आला. “आमचा? का?” पण स्वतःच्या पहिल्या नंबरावर बोट वर करणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. त्याने हात मांडीखाली दाबले.

“दुसरा, आतलिए एक.” हरिलालने चाकांचे अर्धे गुण आठवून सुस्कारा टाकला, पण गप्प राहिला.

“तिसरा, आतलिए तीन.”

देवराज लालबुंद झाला. पण त्याने बोट वर केलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, मेव्हणा बोलला. बाबूरावांनी चष्म्यातून उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि हार उचलला. कोणीतरी चहाचा कपही आणला. इंद्रदेवने मान पुढे केली. 

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक बोट वर झालं.

“विमलाबाई?” बाबूरावांचा हार हवेतच थांबला.

“ह्यो निकाल खोटा हाय,” विमला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण बोट कापत नव्हतं. “मी खेळले, मला ठावं. टॉवेल घाला नायतर गोधडी घाला, तिसऱ्याचा खेळ हाताला लागला की कळतो. आनि ह्यांनाबी ठावं. तिसऱ्याचं माकड उडालं की ह्यांचा पाय हलायचा. पाय हलला की खुर्ची वाजायची. मोटारीला वाजली नाय. जाड्याला वाजली नाय. तुलसीरामदादा, तुमीच तक्रार केली होती. कुटल्या खेळाला केली होती, आठवा.”

तुलसीरामने आठवलं.

“गेल्या साली,” विमला इंद्रदेवकडे वळली, आणि आता तिचे डोळे भरले, “मलाबी वाटलं, ह्यांनी माज्या बाबांना भिऊन नंबर दिला. लोक बोलले, मी गप बसले. पर खुर्ची गेल्या सालीबी वाजत होती. समद्यांनी ऐकली. तवा हा मानूस खरं बोलला तर त्याला घरी बसवला, आनि आज खोटं बोलला तर हार घालता!”

तुलसीराम सावकाश उठला. हा भाजीवाला माणूस फार काही कबूल करणाऱ्यांतला नव्हता, पण मोडका का होईना, त्याला कान होता.

“वाजत होती,” तो म्हणाला. “गेल्या साली. ब्रीझे वेर्दिएरच्या येळंला.” आणि मग, दात उपटल्यासारखा चेहरा करून, “आमच्या येळंला गप होती.”

इंद्रदेव मान पुढे केलेल्या अवस्थेतच उभा होता. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खालून इतकं हलकं वाटत होतं की रडू येईल असं त्याला वाटलं. बायकोने आपल्यावर विश्वास ठेवला होता. तोही भर सभेत, त्याच्याविरुद्ध बोट वर करून.

पण बाबूरावांपुढे घटना होती. बोट वर झालं होतं. इंद्रदेव परीक्षक होऊ शकत नव्हता. खुर्ची मात्र निर्दोष ठरली होती. बराच खल होऊन ठराव झाला तो असा: गणपतीत इंद्रदेव खुर्चीत बसेल, परंतु तोंडाने काही बोलणार नाही. शेजारी विमलाबाई बसतील, आणि खुर्ची ऐकून गुण देतील.

गणपतीत तसंच झालं. संघ गोल धरून उभे राहिले, पण कोणी प्रेक्षकांकडे बघेना. सगळ्यांच्या नजरा खुर्चीच्या आखूड पायावर. ब्रीझे वेर्दिएरचा संघ आला. देवराजची ढोलकी त्या दिवशी जरा पुढे पळत होती. इंद्रदेवने गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, पण धरायची गरजच पडली नाही. मग रिव्हिएर दू रांपारचा संघ आला. तुलसीरामने वर्षभर कोणाला न सांगता पोरांकडून पायांची तालीम करून घेतली असावी. पहिली फेरी गेली, दुसरी आली, आणि शांत मांडवात सगळ्यांना ऐकू आलं, ठक-ठक, ठक-ठक. विमलाने माहेराकडे एकदा बघितलं आणि पहिला नंबर रिव्हिएर दू रांपारला दिला. एकही बोट वर झालं नाही. देवराज मात्र नंतर खुर्ची उलटी करून, तिचा पाय कोणी कापलाय का ते बघून गेला.

त्या आठवड्यात रिव्हिएर दू रांपारहून येणाऱ्या बसमध्ये इंद्रदेव तपासणीला चढला. ड्रायव्हरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा, एक दांडगा भोपळा ऐसपैस बसला होता, आणि मागच्या बाकावर तुलसीराम खिडकीबाहेर ऊस बघत होता.

अख्खी बस इंद्रदेवकडे बघायला लागली. त्याने भोपळ्याकडे पाहिलं, तुलसीरामकडे पाहिलं, आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशातून काढला.

“ह्याचं तिकीट?”

तुलसीरामने ऊस बघणं सोडलं आणि हसत हसत खिशातून दोन तिकिटं काढली, एक त्याचं आणि एक भोपळ्याचं.